बिनआवाजाची मोटर

कीथने बटण दाबलं आणि मधुमतीला वाटलं, काहीच झालं नाही. एरवी बटण दाबलं की पायाखालच्या फळ्या घरघरायच्या, मागे काळा धूर निघायचा, आतल्या कपाटातले कप एकमेकांना धडका द्यायचे आणि एवढा सगळा आरडाओरडा झाल्यावर मग कुठे बोट जागची हलायची. आज कप गप्प, फळ्या गप्प, आणि काठावरचं कुंपण मात्र आपलं मागे मागे सरकायला लागलेलं. आत बसलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना टाळी जमत नव्हती त्यांनी टेबलावर मूठ आपटली. 'ऐकू येतंय?' कीथने विचारलं. 'काय?' ती म्हणाली. 'तेच तर, डक! काहीच नाही!' नॉटिंगहॅममध्ये सगळे सगळ्यांना डक म्हणतात, त्यात बदकाचा काही संबंध नसतो आणि वयाचाही नसतो. मधुमतीही टाळ्या वाजवणार होती, पण त्यासाठी उजवा हात टिलरवरून उचलावा लागला असता, आणि उचलण्याआधी तिचं त्या हाताकडे लक्ष गेलं. टिलर म्हणजे सुकाणूचा लांब दांडा. तो अगदी स्थिर होता. त्याच्यावर विसावलेला तिचा हात स्थिर नव्हता. अंगठा आणि पहिलं बोट, कापसाची वात वळावी तशी, एकमेकांवर आपली फिरत होती. तिने चटकन डावा हात त्यावर ठेवला आणि समोरच्या पाण्यात काहीतरी फार महत्त्वाचं दिसल्यासारखी बघत राहिली.

'मेरी एलन' ही काही ऐटबाज बोट नव्हती. रुंद बुडाची, हिरव्या रंगाची, बाजूला चाकाच्या खुर्च्या चढवायची लिफ्ट असलेली. ज्यांना चालता येत नाही, दिसत नाही, ज्यांचे हातपाय त्यांचं ऐकत नाहीत, अशा माणसांना ती उन्हाळाभर कालव्यातून फिरवून आणायची. चालवणारे सगळे हौशी, बिनपगारी, बहुतेक जण पेन्शनीतले. मधुमतीने उभी हयात इथल्या हॉस्पिटलांत माणसांना भूल देण्यात घालवली होती. रिटायर झाल्यावर ती म्हणाली होती, जन्मभर झोपलेली माणसं बघितली, आता जरा जागी बघते. मग इथे आली, दोर बांधायला शिकली, कडेला न आपटता बोट वळवायला शिकली आणि साडी सोडून पँटवर आली त्यापेक्षा जास्त आनंद तिला सुकाणू धरण्याचं सर्टिफिकेट मिळाल्यावर झाला. त्यातली गंमत अशी की टिलर डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते. पहिल्या दिवशी तिने दोनदा झुडपात घातली होती. आता तिच्या अंगात ते इतकं मुरलं होतं की घरी दरवाजाही उलटा ढकलावासा वाटे.

आणि जुन्या डिझेल इंजिनचं एक बरं होतं. ते टिलरला हादरवायचं. टिलर धरणाऱ्या प्रत्येकाचा हात थरथरायचा, कीथचा थरथरायचा, मागच्या उन्हाळ्यात आलेल्या त्या धिप्पाड पोलिसाचाही थरथरला. गेल्या वर्षापासून तिचा हात जरा स्वतःच्या हिशेबानेही थरथरत होता, पण त्या गर्दीत तो कोण वेगळा काढणार! घरी ती हात शालीखाली, पिशवीखाली, वर्तमानपत्राखाली ठेवायची. बोटीवर लपवायची गरजच नव्हती. आठवड्यातला एवढा एकच दिवस ती हात उघड्यावर टाकून निवांत असायची. आणि आता या शहाण्यांनी हिवाळाभर केक विकून, रॅफलची, म्हणजे सोडतीची, तिकिटं खपवून इंजिन काढून टाकलं आणि विजेची मोटर बसवली. पर्यावरणाचं भलं झालं, हंसांचं भलं झालं, थरथरणाऱ्या हातांचं कोणी विचारलं नाही.

बरं, विचारलं नाही असंही म्हणता येत नव्हतं. रोज निघण्याआधी सगळे धक्क्यावर गोल उभे राहायचे आणि प्रत्येकाने आज आपल्याला काय जमणार नाही ते सांगायचं, हा कीथचा नियम होता. काय जमतं ते विचारलं की लोक फुशारक्या मारतात, म्हणे. आज सकाळी मॉरीन म्हणाली, गुडघा गेलाय, उड्या मारणार नाही. कीथ स्वतः म्हणाला, बायकोशी भांडून आलोय, मला प्रवाशांशी गोड बोलायला लावू नका. मधुमतीची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, 'नथिंग. ऑल फाइन.' ती चार उन्हाळे हेच म्हणत आली होती आणि तिला त्यात खोटेपणाही वाटत नव्हता. तिच्या घरात कोणी पडलं, भाजलं, नापास झालं, तरी 'काही नाही, ठीक आहे' एवढंच म्हणायची पद्धत होती. आणि पुढे धंदाच तसा मिळाला. टेबलावर घाबरून पडलेल्या माणसाच्या कपाळावर हात ठेवायचा आणि सांगायचं, काही नाही, आता झोप लागेल. हजारो माणसांना ती हे म्हणाली असेल. बहुतेकांना खरंच काही झालं नाही. म्हणून तिला त्या शब्दाची सवय लागली असावी.

काही आठवड्यांपूर्वी ती मुद्दाम शेजारच्या शहरात दाखवायला गेली होती, कारण इथल्या हॉस्पिटलात वॉर्डबॉयपासून सगळे ओळखीचे. तिथला न्यूरॉलॉजिस्ट तिच्या धाकट्या भाच्याएवढा होता. त्याने तिला बोटं जुळवायला लावली, चालायला लावलं आणि मग म्हणाला, तुम्हाला मी काय सांगू, डॉक्टर, तुम्हाला कळलंच असेल. कळलं होतं. पार्किन्सन्स. गोळ्यांनी बरीच वर्षं छान जातील, म्हणाला. गाडी चालवा, परवान्याच्या ऑफिसला कळवा, व्यायाम करा. तिने त्याचे आभार मानले, वाटेत आंबे घेतले आणि घरी आली. श्रीनिवासने विचारलं, 'इतका उशीर?' ती म्हणाली, 'आंबे शोधत होते.' श्रीनिवास आंब्यांवर इतका खूश झाला की दुसरं काही विचारायला त्याला सुचलंच नाही. तो हाडांचा डॉक्टर. त्याला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत त्याने न्हाणीघरात दांडी बसवली असती, जिन्यात दांडी बसवली असती, आणि तिला जन्मभर दांडी धरून चालावं लागलं असतं. असं ती स्वतःला सांगायची. खरं कारण एवढंच होतं की, एकदा तोंडातून शब्द गेला की तो खरा होणार. आणि बोटीवर कळलं की टिलर जाणार. टिलर गेला की का गेला हे घरी सांगावं लागणार. म्हणजे सगळं या एका दांड्यावर येऊन ठेपलं होतं.

'हात का थरथरतोय गं तुझा?'

अलकाने हे मराठीत, खणखणीत आवाजात विचारलं. अलका तिची नॉटिंगहॅममधली सगळ्यात जुनी मैत्रीण आणि महाराष्ट्र मंडळातली सगळ्यात जुनी प्रतिस्पर्धी. इथल्या सरकारी शाळेत तिने पिढ्यान् पिढ्या पोरांना फिजिक्स शिकवलं, आणि पक्षाघाताने उजवी बाजू गेल्यावर आता चाकाच्या खुर्चीत बसून उरलेल्या जगाला शिकवायची. बोटीवर ये म्हणून मधुमती तिच्या मागे लागली होती. 'मला सामानासारखं चढवणार तुम्ही,' म्हणून ती नाही म्हणायची. आज एकदाची आली, लिफ्ट वर येताना ओरडली, 'किराणा आलाय, उतरवून घ्या!' आणि आत चहाच्या टेबलाशी न बसता हट्टाने मागे, सुकाणूशेजारच्या जागेत खुर्चीचे ब्रेक लावून बसली. तिथून मधुमतीचा हात बरोबर तिच्या डोळ्यांसमोर येत होता.

'थंडी वाजतेय,' मधुमती म्हणाली.

'जूनमध्ये?'

'हा इंग्लंडचा जून आहे.'

'डाव्या हाताला नाही गं वाजत थंडी?' अलका म्हणाली. 'मधू, मी तीन वर्षं एका हाताकडे बघत बसले आहे. हातातलं मला कळतं.'

कीथने दोघींकडे हसून पाहिलं. त्याला मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं, त्याला वाटलं बायका हवापाण्याचं बोलतायत. मधुमतीने उजवा हात सरळ जॅकेटच्या खिशात घातला आणि डाव्या हाताने टिलर धरला. झालं, विषय संपला, असं तिला वाटलं. खिशात हात आपली वात वळत बसला. ऊन पडलं होतं. काठावर एक माणूस कुत्र्याला घेऊन चालत होता आणि बोट आणि तो एकाच वेगाने जात होते, त्यामुळे तो सारखा 'गुड मॉर्निंग' म्हणत होता. आतून मॉरीन बिस्किटं घेऊन फिरत होती. आवाज नसल्यामुळे पहिल्यांदाच पाण्याचा आवाज येत होता, बोटीच्या पोटाखालून जाणारा, हलका, चुळुक चुळुक. पक्षीसुद्धा उडून जात नव्हते. किती छान आहे हे, असं मधुमतीला वाटलं आणि त्याच क्षणी तिला त्या छानपणाचा राग आला.

मिरजेच्या तारघरात तिचे वडील तारेवरून येणारी कट्ट-कडकट्ट ऐकून मजकूर उतरवून घ्यायचे. लहानपणी ती त्यांच्या टेबलाखाली बसून ऐकायची, तिला ते यंत्र कुणाची तरी निंदा करतंय असं वाटायचं. पुढे वडिलांना कमी ऐकू यायला लागलं. नोकरी जाईल म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. डाव्या हाताचं बोट यंत्राच्या पितळी कडेवर ठेवायचे आणि कट्ट-कडकट्ट बोटाने ऐकायचे. कुणाला पत्ता लागला नाही, त्यांची एक तार कधी चुकली नाही. घरी मात्र बोट कशावर ठेवणार! घरी ते सगळ्याला 'हो, हो' म्हणायला लागले. आई म्हणायची, ह्यांचा स्वभाव किती निवळला. दहा वर्षं आईला वाटत होतं की नवरा आपलं सगळं ऐकतो, आणि त्या दहा वर्षांत त्यांनी तिचं एक वाक्य ऐकलं नव्हतं. तिला कळलं तेव्हा ती रडली नाही, रागावली. म्हणाली, 'मी एवढं बोलत होते, ते कुणाशी?' मधुमती तेव्हा कॉलेजात होती. तिला आईचा राग समजला नव्हता. बाबांची हुशारी तेवढी समजली होती, बोटाने ऐकण्याची, आणि तिला त्या हुशारीचा अभिमानच वाटला होता.

'मधू, पूल!' अलका म्हणाली.

पूल आला होता. विटांचा, जुना, एका वेळी एकच बोट जाईल एवढा. मधुमतीने हे शेकडो वेळा केलं होतं, पण ते तिच्या उजव्या हाताने केलं होतं. डाव्या हाताला ते माहीत नव्हतं. तो आपल्या बुद्धीने वागला आणि शहाण्या माणसासारखा, जिकडे जायचं तिकडेच ढकलला. बोट अर्थातच उलट दिशेला निघाली, सावकाश, अगदी विचारपूर्वक, आणि पुलाच्या अलीकडे वाढलेल्या लव्हाळ्याच्या गवतात नाक खुपसून उभी राहिली. धक्का असा बसलाच नाही. पण एक वाळुंजाची फांदी खिडकीतून आत गेली, दोन बदकं शिव्या देत बाहेर आली आणि आत हशा पिकला. 'पुन्हा करा!' कुणीतरी ओरडलं. एक म्हातारबुवा फांदीची पानं तोडून शेजारणीला वाटत होते. दुखापत म्हणाल तर मॉरीनच्या बिस्किटांना झाली.

कीथ हसला नाही. त्याने लांब बांबूने बोट ढकलून बाहेर काढली, पुलाखालून स्वतः पार नेली आणि पलीकडे कडेला थांबवली. मग गुडघ्यावर बसून मोटरचं झाकण उघडलं. 'तुझी चूक नाही, डक,' तो म्हणाला. 'तू कधी अशी जात नाहीस. ही नवी मोटर ओढतेय एका बाजूला. मला पहिल्यापासून शंका होती.' त्याने आत डोकावून एक वायर हलवून पाहिली. 'उद्यापासून बंद ठेवतो बोट,' तो म्हणाला. 'बसवणाऱ्यांना बोलावतो, तपासू दे. आठवडा जाईल, कदाचित दोन.' उद्या अंध मुलांची शाळा येणार होती. परवा त्या बाई, ज्या दर वर्षी आपल्या मुलाच्या वाढदिवसाला त्याला घेऊन यायच्या. मुलगा पन्नाशीचा होता. कीथने खिशातून फोन काढला आणि मॉरीनला सगळ्यांचे नंबर विचारायला लागला.

गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. हे तिला स्वच्छ दिसलं. मोटरवाले आले असते, त्यांना काही सापडलं नसतं, यंत्रांचं असंच असतं म्हणून ते परत गेले असते. ऑल फाइन. खिशातला हात आता खिसाच हलवत होता.

'मोटर बिचारी मुकी,' अलका मराठीत म्हणाली, मोठ्याने नाही. 'तिच्यावर ढकलायला बरं.'

'तू गप्प बस.'

'मी गप्पच आहे. माझं अर्धं तोंड गप्प आहेच. उरलेलं अर्धं तुझ्यासाठी ठेवलंय. उद्याची पोरं काय करणार गं?'

मधुमतीला वाटलं, हिला आणलंच कशाला. मग वाटलं, हिला नसतं आणलं तर काय झालं असतं. आणि मग विचार करायचा थांबून तिने खिशातून हात काढला आणि कीथच्या नाकासमोर धरला. नीट, पंजा उघडून, रुग्णाने डॉक्टरसमोर धरावा तसा. हात त्याच्या स्वभावानुसार थरथरत राहिला.

'इट वॉजन्ट द मोटर, कीथ,' ती म्हणाली. 'इट वॉज मी. आय हॅव पार्किन्सन्स.'

जगात काही फरक पडला नाही. बदकं परत गवतात गेली. शब्द तोंडातून गेला होता आणि तो खरा झाला होता, पण तो आधीही खराच होता, एवढी साधी गोष्ट तिला इतके दिवस सुचली नव्हती. कीथ गुडघ्यावरूनच तिच्या हाताकडे बघत होता. त्याचा चेहरा पडला, मग त्याने तो सावरला, मग परत पडला. सकाळी बायकोशी भांडून आलेल्या माणसाला एवढं सगळं एका दिवसात झेपणार कसं! शेवटी तो म्हणाला, 'दुखतं का?'

'नाही.'

'सुकाणू सोडायचंय का तुला?'

'नाही,' मधुमती म्हणाली आणि तिचा आवाज इतका मोठा निघाला की आत बसलेल्यांनी मागे वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी दिवसांत तिने कुणाला इतकं सरळ नाही म्हटलं नव्हतं.

'मग सोडू नकोस,' कीथ म्हणाला. 'पण एकटीने धरायचं नाही. शेजारी एक माणूस हवं. आणि खिशात हात घालायचा नाही, हे मात्र मी कप्तान म्हणून सांगतो. बोटीवर दोन्ही हात बाहेर.' त्याने मोटरचं झाकण लावलं, तिच्यावर एक थाप मारली, सॉरी म्हणाला, मोटरला, आणि फोन खिशात टाकला. मग इकडेतिकडे बघितलं. मॉरीन बिस्किटांचा चुरा झाडत होती.

'मी आहे की,' अलका इंग्रजीत म्हणाली.

'तुम्ही प्रवासी आहात, लव्ह.'

'मी तीस वर्षं तरफ शिकवली आहे,' अलका म्हणाली. 'हा दांडा म्हणजे तरफ. तुमच्यापैकी कुणाला त्याचं गणित येतं?' कुणाला येत नव्हतं. तिची खुर्ची पुढे घेतली, ब्रेक लावले, आणि तिने आपला चांगला डावा हात टिलरवर, मधुमतीच्या उजव्या हाताच्या अलीकडे ठेवला. कीथ दोघींच्या मागे उभा राहिला. बोट सुटली. दोन हात एका दांड्यावर म्हणजे दोन सुना एका स्वयंपाकघरात. 'ढकल,' 'अगं तिकडे नाही,' 'तुला दिसत नाही का वळण,' 'मला फिजिक्स दिसतंय,' असं करत मेरी एलन कालव्याच्या मधोमध, थोडी डावीकडे थोडी उजवीकडे झुलत, परत फिरली. अलका मोठमोठ्याने हसत होती. तिचं हसणं एका बाजूने वर जायचं आणि दुसऱ्या बाजूला थांबायचं, आणि मधुमतीला जाणवलं की पक्षाघातानंतर आपण हिला इतकं हसताना पाहिलेलं नाही. शेवटच्या पुलाखालून त्या बरोबर मधून गेल्या. आत टेबलांवर मुठी आपटल्या. मधुमतीचा हात दांड्यावर उघडा पडला होता, त्याला जे करायचं ते करत होता, आणि अलकाचा हात त्याला लागून होता. तिला भूक लागली होती. मॉरीनकडे बिस्किटांचा चुरा मागून तिने मूठभर खाल्ला.

धक्क्याजवळच्या बाकावर श्रीनिवास पेपर वाचत बसला होता. बोटीच्या दिवशी तो दुपारी बसने यायचा आणि दोघं तिच्या गाडीने घरी जायची, कारण श्रीनिवासने दुसऱ्यांची हाडं जोडण्यात नाव कमावलं असलं तरी तो गाडी चालवायला बसला की शेजारच्याला स्वतःच्या हाडांची काळजी लागे. फाटकाचा खांब त्याने एकदा पाडला होता आणि नवा लावल्यावर तोही पाडला होता. सगळे प्रवासी लिफ्टने उतरले. अलका उतरताना मधुमतीकडे नुसती मास्तरणीसारखी बघून गेली. मग मधुमती फळीवरून उतरायला लागली आणि श्रीनिवासने नेहमीसारखा हात पुढे केला. ती नेहमी डावा हात द्यायची. आज तिने उजवा दिला.

तो धरून त्याने तिला काठावर घेतलं, आणि मग सोडलाच नाही. खाली बघितलं. अंगठ्याकडे बघितलं, पहिल्या बोटाकडे बघितलं. तो डॉक्टर होता, वेळ लागला नाही, पण नवराही होता, म्हणून तो म्हणाला, 'थंडी वाजतेय का तुला?'

'नाही,' मधुमती म्हणाली. 'पार्किन्सन्स आहे. दाखवून आले मी मागेच. तुला सांगितलं नाही.'

श्रीनिवासच्या काखेतला पेपर खाली पडला आणि वाऱ्याने त्याची पानं धक्क्यावर पसरली, ती गोळा करायला कीथ धावला. श्रीनिवासने दुसरा हातही आणून तिच्या हाताभोवती धरला. त्याच्या दोन्ही हातांत तो थरथरत होता. आता तिन्ही हात थरथरत होते, तिचा एक आणि त्याचे दोन.

'किल्ली दे इकडे,' तो म्हणाला. 'गाडी मी चालवतो.'

मधुमतीने त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे लाल झाले होते आणि तो अगदी गंभीरपणे हात पुढे करून उभा होता.

'एवढंही काही झालेलं नाही मला,' ती म्हणाली.